घटता पट आणि वाडीवरची शाळा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात भीमा नदीच्या दोन्ही तीरांवर शिरूर आणि दौंड हे तालुके वसले आहेत. नकाशावर ते शेजारी-शेजारी असून पाऊस दोघांच्याही वाट्याला बेताचाच येतो. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. शाळांच्या बाबतीत मात्र येथे एक चमत्कारिक देखावा पाहावयास मिळतो. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव गणपती या पट्ट्यात कारखानदारीमुळे वस्ती दाटली असून तेथे शाळेला खोल्या पुरवता पुरवता दमछाक होते. त्याच तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून दूर मळ्यांत गेल्यास, दोन खोल्यांची एखादी शाळा लागते. भिंतींवर बाराखडी आणि पाढे ठळक अक्षरांत रंगविलेले असतात. परंतु पहिलीत तीन मुले, दुसरीत दोन आणि तिसरीचा वर्ग त्या वर्षी रिकामाच, अशी तिची स्थिती असते.

मुले कमी झाली, तर शाळाही कमी करावयास काय हरकत आहे, असा प्रश्न अशा वेळी सहज विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर द्यावयाचे, तर आधी ती शाळा तेथे का आली हे पाहिले पाहिजे.

पाटाच्या पाण्यामागून आलेल्या शाळा

खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा दौंडमधून पुढे इंदापूरकडे जातो. शिरूरच्या काही भागाला चासकमानचे, तर काही भागाला घोड धरणाचे पाणी मिळते. पाणी आले तसा ऊस आला; ऊस आला तशी शेतावर राखणीची आणि रात्री पाणी धरण्याची गरज निर्माण झाली. गावठाणातील कुटुंबे हळूहळू मळ्यात राहावयास गेली. चार भावांची चार घरे, त्यांच्या शेजारी चुलत्यांची तीन, अशा रीतीने वस्त्या बनल्या. त्या बहुधा आडनावाने ओळखल्या जातात. एकेका ग्रामपंचायतीच्या हद्दीत अशा दहा-बारा वस्त्या सहज आढळतात.

मुले वस्तीवर आणि शाळा गावठाणात, अशी ओढाताण मग सुरू झाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले आणि वाड्या-वस्त्यांवर शाळा उघडण्यास गती मिळाली. कित्येक शाळा आरंभी मारुतीच्या देवळात किंवा कोणाच्या तरी पडवीत भरत. १९८७-८८ पासून ‘खडू-फळा’ मोहिमेने एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली देण्याचा प्रयत्न केला. २००० नंतर वस्तीशाळा योजना आली. गावातलाच एखादा शिकलेला तरुण किंवा तरुणी अल्प मानधनावर निमशिक्षक म्हणून नेमावयाची आणि जेथे शाळा नाही तेथे ती सुरू करावयाची, अशी ती योजना होती. पुढे या वस्तीशाळांचे नियमित शाळांत रूपांतर झाले. २०१४ मध्ये निमशिक्षकांनाही नियमित शिक्षकांचा दर्जा मिळाला.

आज ज्या शाळांचा पट दहा-पंधरावर आला आहे, त्यांतील बऱ्याचशा शाळा या शेवटच्या टप्प्यात उघडलेल्या आहेत. गावच्या वेशीपर्यंत आलेले शिक्षण वस्तीच्या अंगणात पोहोचविण्याचे जे काम सर्वांत शेवटी झाले, तेच आज सर्वांत आधी मोडीत निघण्याची शक्यता आहे.

मुले गेली कोठे?

पट घटण्याचे पहिले कारण म्हणजे जन्मच कमी झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एका स्त्रीस होणाऱ्या अपत्यांची सरासरी १९९२-९३ मध्ये २.८६ होती. २००५-०६ मध्ये ती २.११ झाली आणि २०१९-२१ मध्ये १.७१ पर्यंत उतरली. जनगणनेचे आकडे तेच सांगतात. २००१ मध्ये राज्यात सहा वर्षांपर्यंतची सुमारे १ कोटी ३७ लाख बालके होती, ती २०११ मध्ये १ कोटी ३३ लाखांवर आली. त्याच दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या मात्र दीड कोटीहून अधिक वाढली होती. या घटीला एक दुःखद किनारही आहे. या वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ९१३ वरून ८९४ वर घसरली. ‘छोटे कुटुंब’ हे ब्रीद घरोघर पोहोचविण्यात प्रस्तुत लेखकाच्या खात्याने अनेक वर्षे खर्ची घातली. त्यामुळे त्याचा एक परिणाम शाळेच्या हजेरीपटावर दिसू लागला, तर त्याचे आम्हांस नवल वाटू नये.

दुसरे कारण स्थलांतराचे. तरुण जोडपी शिक्षणासाठी व नोकरीसाठी चाकण, हडपसर, पिंपरी-चिंचवडकडे गेली. मळ्यात आजी-आजोबा उरले. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ७२ लाखांवरून २०११ मध्ये ९४ लाखांवर गेली, परंतु ही वाढ सर्वत्र सारखी झालेली नाही. महामार्गालगत ती साचली आणि आडबाजूला ओसरली. म्हणूनच तालुक्याची सरासरी काढून शाळांचे नियोजन करणे म्हणजे एका पायाला चटका आणि दुसऱ्या पायाला गारठा असताना हवा समशीतोष्ण आहे असे म्हणण्यासारखे होय.

तिसरे कारण सर्वांच्या डोळ्यांसमोरचे. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास वस्तीच्या तोंडाशी पिवळी गाडी येऊन उभी राहते आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना घेऊन जाते. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांविषयीच्या कायद्यानंतर अशा शाळांची संख्या झपाट्याने वाढली. ज्यांना शुल्क आणि गाडीभाडे परवडते त्यांची मुले त्या गाडीत बसतात. कित्येक घरांत मुलगा गाडीत बसतो आणि त्याची बहीण पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. परिणामी वस्तीवरच्या शाळेत उरलेली मुले संख्येने थोडी असतात. पण ती बहुधा भूमिहीनांची, मेंढपाळांची, ठाकर व पारधी कुटुंबांची, आणि त्यांत मुली अधिक असतात. शाळा बंद झाल्यास तिच्याशिवाय दुसरा मार्ग नसलेल्यांचीच ती बंद होते. पटसंख्येच्या रकान्यात हे कोठेही दिसत नाही.

केरळात हे सर्व आपल्या आधी घडले. तेथे जन्मदर लवकर उतरला. कमी पटाच्या शाळांना ‘अनइकॉनॉमिक’, म्हणजे न परवडणाऱ्या, असे सरकारी नाव पडले आणि अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला.

नियम काय सांगतात

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन, असे प्रमाण या अधिनियमाच्या अनुसूचीत दिले आहे. अंतर जास्त असेल, तेथे वाहतुकीची सोय किंवा वाहतूक भत्ता देण्याची तरतूद आहे.

दुसऱ्या बाजूला शासनापुढील अडचणही खरी आहे. २०१७ च्या अखेरीस राज्यातील दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय जाहीर झाला होता. २०२१-२२ च्या माहितीनुसार राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी शिकत आणि २९,७०७ शिक्षक शिकवीत. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. २०२३ च्या सप्टेंबरात अशा शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देण्यात आला. पानशेतला आसपासच्या लहान शाळांतील मुले बसने एका सुसज्ज शाळेत आणली जातात. सहावी ते आठवीच्या वर्गांनाही १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षक मंजूर होण्यासाठी किमान २० विद्यार्थ्यांची अट घातली. शिक्षक संघटनांनी तिला विरोध केला.

‘समूह’ ही कल्पना तशी जुनी आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळा-समूहाची शिफारस केली होती. महाराष्ट्रात १९९४ पासून केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळा-संकुलांवर भर दिला. मात्र कोठारी आयोगाच्या समूहात शाळा आपापल्या जागी राहून ग्रंथालय, प्रयोगसाहित्य आणि शिक्षकांचे कौशल्य वाटून घेत होत्या. सर्व मुलांना एका इमारतीत आणणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. एकच शब्द दोन अर्थांनी वापरला गेल्याने ग्रामसभांत पुष्कळसा गोंधळ होतो.

चव्वेचाळीस मुलांचे गणित

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. आकड्यांशी त्याची ओळख नोकरीने करून दिली. तरीही एक साधे गणित वाचकांपुढे मांडतो. समजा, एका गावाच्या तीन वस्त्यांवर तीन शाळा आहेत. एकीत चौदा, दुसरीत अकरा आणि तिसरीत एकोणीस मुले आहेत. प्रत्येक शाळेत दोन, म्हणजे एकूण सहा शिक्षक आहेत. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक असल्याने प्रत्येक शाळेत एका शिक्षकाला एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. पहिलीची मुले अक्षरे गिरवीत असताना चौथीला भागाकार शिकविणे किती कठीण असते, हे शिक्षकच जाणोत.

आता या तीन शाळा एक केल्या. मुले चव्वेचाळीस झाली. मुलांना समवयस्क सोबती मिळाले, खेळायला दोन संघ झाले, ही जमेची बाजू लहान नव्हे. पण शिक्षक किती मिळाले? साठपर्यंत दोन, या प्रमाणाने दोनच! पाच इयत्ता आणि दोन शिक्षक ही अवस्था जशीच्या तशी राहिली. एका वस्तीवरील मुले मात्र आता दोन किलोमीटर चालू लागली, आणि चार शिक्षक अन्यत्र समायोजित झाले.

एकत्रीकरणाचे समर्थन करताना नेहमी असे सांगितले जाते की, मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळतो. ते खरे व्हावयाचे असेल, तर सहापैकी किमान पाच शिक्षक मुलांबरोबर त्या शाळेत आले पाहिजेत, आणि त्यासाठी एकत्रित शाळेच्या संचमान्यतेत निराळी तरतूद हवी. ती नसेल, तर एकत्रीकरणाने बचत होते, शिक्षण सुधारतेच असे नाही. बचत करणे हे पाप नाही; शासनाचा पैसा शेवटी जनतेचाच असतो. पण कोणाच्या पायपिटीतून ती होते आणि ती कोठे खर्च होते, हे मुलांच्या पालकांना कळले पाहिजे. वाचलेल्या रकमेतून त्याच मुलांसाठी गाडी, गाडीबरोबर एक मदतनीस बाई आणि शिक्षक मिळणार असतील, तर पालक बहुधा हरकत घेणार नाहीत. गाडी पहिल्या वर्षी यावी आणि तिसऱ्या वर्षी निधीअभावी बंद पडावी, हीच त्यांची खरी धास्ती असते.

एक किलोमीटर म्हणजे किती?

कागदावरचे अंतर आणि सहा वर्षांच्या मुलाने चालावयाचे अंतर यांत फरक असतो. दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग यवत, पाटस, कुरकुंभ असा जातो. त्याच्या जवळून खुटबाव, केडगाव, पाटस, दौंड असा लोहमार्ग जातो. शिवाय कालवा आहेच. शाळा सरळ रेषेत आठशे मीटरवर असेल, पण मध्ये लोहमार्ग असल्यास फाटकापर्यंत जाऊन परत मागे यावे लागते. कालव्यावर पूल कोठे आहे, यावर शाळेचे खरे अंतर ठरते. महामार्ग ओलांडणे तर मोठ्यांनाही जिवावरचे वाटते. उपग्रह-नकाशावर दोन शाळांतील अंतर क्षणात काढता येते, हे खरे. पण तेच अंतर जून-जुलैच्या चिखलात एकदा चालून पाहावे.

आणि शिरूरच्या बेट भागात अलीकडे याहून भयंकर कारण पुढे आले आहे. घोड नदीच्या काठचा हा प्रदेश उसाने हिरवागार आहे आणि त्या उसात बिबट्यांनी कायमचे घर केले आहे. त्यांची पिल्ले उसातच जन्मतात व वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले. लोकांचा उद्रेक झाला, महामार्ग अडविला गेला. बिबट्यांचा वावर असलेल्या भागात मुलांनी उजेडी ये-जा करावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्यात आल्या. दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीचा ऊस उभा असलेल्या पायवाटेने आपल्या मुलीने एक किलोमीटर जावे की दोन, हा प्रश्न तेथील आईच्या दृष्टीने पटसंख्येचा राहिलेला नाही. अशा ठिकाणी बारा मुलांची शाळा जागेवर ठेवणे हा खर्चाचा प्रश्न मानू नये, असे प्रस्तुत लेखकाला स्पष्टपणे वाटते.

तीस सप्टेंबरनंतर येणारी मुले

शाळेला शिक्षक किती द्यावयाचे हे ज्या पटावरून ठरते, तो ३० सप्टेंबरचा पट होय. मोजणीला एक दिवस ठरविणे आवश्यकच आहे. पटावरील नावे आणि प्रत्यक्ष मुले यांत किती तफावत असू शकते, हे ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर झालेल्या विशेष पटपडताळणीने दाखवून दिले होते. तेव्हा मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी करावी लागली होती.

तथापि शिरूर-दौंडच्या अर्थव्यवस्थेचे चाक दसरा-दिवाळीनंतर फिरू लागते. साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते; बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. केडगाव, राहू या बाजूला गुऱ्हाळे पेटतात. तेथे उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबेही काम करतात. वीटभट्ट्या लागतात. याउलट कोरडवाहू पट्ट्यातील धनगर कुटुंबे मेंढरे घेऊन बाहेर पडलेली असतात. म्हणजे सप्टेंबरअखेर जे मूल पटावर आहे ते जानेवारीत गावात नसते, आणि जानेवारीत गुऱ्हाळाच्या कडेला जे मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभे असते ते कोणाच्याच पटावर नसते. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आणि मूळ गावी हंगामी वसतिगृहे अशा योजना आहेत. पण ज्या शाळेच्या परिसरात हंगामात तीस मुले येऊन राहतात, तिचा सप्टेंबरातील पट अकरा आहे म्हणून ती बंद केली, तर त्या तिसांचा हिशेब कोणी द्यावयाचा? अशा शाळांसाठी ३० सप्टेंबरच्या जोडीला डिसेंबरअखेरची एक मोजणी घेतली, तर चित्र पुष्कळ बदलेल.

वाबळेवाडीची गोष्ट

कमी पटाची शाळा मरणपंथाला लागलेलीच असते असे नव्हे. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा एके काळी इतर कोणत्याही वाडीवरच्या शाळेसारखीच होती. ग्रामस्थांनी जमीन दिली, लोकवर्गणी जमविली, शिक्षकांनी मुलांना मुलांकडून शिकू दिले, आणि पुढे प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लावावी लागली. शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरची शाळा तर बोटांवर मोजता येतील इतक्या मुलांवर आली होती. तिचा पट शंभरावर गेला आणि २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ स्पर्धेत तिला लोकपसंतीचा जागतिक पुरस्कार मिळाला.

या कथा आम्ही माहिती खात्याची माणसे आवडीने सांगतो आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. परंतु त्यांत एक पेच आहे. जन्मणारी मुले तेवढीच असताना एका शाळेचा पट वाढतो, तेव्हा त्यांतील काही मुले दुसऱ्या शाळांच्या पटावरून येतात. इंग्रजी शाळेतून परत आली तर आनंदच. पण शेजारच्या वस्तीवरून, दुचाकीवर सोडणारे वडील असलेली चार मुले आली, तर त्या वस्तीची शाळा वीसच्या खाली जाते. त्यामुळे आदर्श शाळेच्या आसपासच्या पाच-सहा शाळांकडेही केंद्रप्रमुखांनी त्याच वेळी लक्ष देणे अगत्याचे आहे. कोठारी आयोगाच्या अर्थाने समूह येथे उपयोगी पडतो. चांगला गणित-शिक्षक आठवड्यातून दोन दिवस वस्तीवर जाऊ शकतो, आणि वस्तीवरची मुले शनिवारी मोठ्या शाळेच्या प्रयोगशाळेत व मैदानावर येऊ शकतात. शिक्षकाने पाच किलोमीटर दुचाकीवर जाणे हे बारा मुलांनी दोन किलोमीटर पायी जाण्यापेक्षा स्वस्तही पडते आणि सुरक्षितही.

ग्रामसभेपुढे ठेवावयाचा कागद

समायोजनाचा प्रस्ताव येतो तेव्हा गाव बहुधा दोनच उत्तरे देते. एक तर निवेदन आणि मोर्चा, नाही तर मौन. तिसरे उत्तरही देता येते. पुढील सहा वर्षांत शाळेत येणारी मुले आज गावातच आहेत. त्यांची नावे अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत लिहिलेली असतात. शाळा व्यवस्थापन समितीने जानेवारी-फेब्रुवारीत ती नोंदवही समोर घेऊन वस्तीनिहाय यादी करावी. कोणत्या वर्षी किती मुले सहा वर्षांची होतील, त्यांतील किती मुली, किती दिव्यांग, हंगामात बाहेरून किती मुले येतात आणि किती बाहेर जातात, हे एका कागदावर उतरवावे. त्याच कागदावर जवळच्या शाळेपर्यंतच्या वाटेचे हाताने काढलेले रेखाचित्र असावे. कालव्याचा पूल, रेल्वेचे फाटक, महामार्गाचा सेवारस्ता, उसाचे सलग क्षेत्र त्यात दाखवावे. यादीतून पुढील पाच-सहा वर्षांत पट वाढण्याचे चिन्ह दिसत नसेल आणि वाटही निर्धोक असेल, तर एकत्रीकरणास संमती द्यावी. मात्र गाडी, मदतनीस आणि शिक्षकसंख्या या तिन्ही गोष्टी ठरावात लेखी नमूद करून घ्याव्यात, आणि रिकाम्या होणाऱ्या खोल्या अंगणवाडीला, वाचनालयाला किंवा हंगामी मुलांच्या वर्गाला देण्याची मागणीही त्याच ठरावात करावी. चांगल्या स्थितीतील खोल्यांचे घाईने निर्लेखन होऊ देऊ नये. कारखान्यांचा पट्टा दरवर्षी सरकत असून आज ओस पडलेल्या वस्तीशेजारी उद्या चाळी उभ्या राहिल्याची उदाहरणे याच रस्त्यावर आहेत.

हा कागद केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मार्चअखेरपर्यंत पोहोचला, तर जूनपूर्वी त्यावर विचार करण्यास अवधी मिळतो. शाळा सुरू झाल्यावर आलेल्या निवेदनावर सहसा पुढील वर्षाचा शेरा पडतो.